मालकमपेठ : एका वसाहतीच्या जन्माची हकीगत

आमच्या इतिहास विभागाच्या सहलीत लॉडविक पॉइंटवर उभे असताना एका वाटाड्याने आम्हाला सांगितले, "या साहेबानं महाबळेश्वर शोधून काढलं." त्याने हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले की आमच्यापैकी कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. काहींनी तर ते वहीत टिपूनही घेतले. सुट्टीत घरी गेल्यावर मी ही माहिती मोठ्या ऐटीने आजीला सांगितली. आजी जावळी खोऱ्यातली. कन्यागताच्या साली ती आपल्या आईचे बोट धरून पायी क्षेत्र महाबळेश्वराला गेलेली. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले आणि विचारले, "मग साहेब यायच्या आदी आमी काय आंधळं हुतो व्हय?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचाच प्रयत्न आहे.

महाबळेश्वर म्हणताना आपण दोन निराळ्या गावांना एकाच नावाने संबोधतो, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. कृष्णेचा उगम, पंचगंगेचे देऊळ आणि महाबळेश्वराचे लिंग जेथे आहे ते क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'जुने महाबळेश्वर'. तेथून चार-पाच किलोमीटरवर बाजारपेठ, बंगले, गिरजाघर, क्लब आणि हॉटेले असलेले जे गाव आहे त्याचे मूळ नाव मालकमपेठ. पहिले गाव केव्हा वसले हे सांगता येत नाही. दुसऱ्याचे जन्मसाल मात्र नक्की सांगता येते. सहलीला जाणारे बहुतेक लोक दुसऱ्या गावाचा जन्म हाच साऱ्या डोंगराचा जन्म समजतात. वाटाड्याच्या वाक्याचे मूळ या घोटाळ्यात आहे.

लॉडविकच्या स्मारकावरील लेख मी दुसऱ्यांदा जाऊन नीट वाचला. सुमारे पंचवीस फूट उंचीचा हा स्तंभ त्याच्या मुलाने उभारला. जनरल पीटर लॉडविक हा १७९९ साली कंपनीच्या नोकरीत शिरला आणि १८७३ साली नव्वदाव्या वर्षी फ्रान्समध्ये वारला. १८२४ साली या डोंगरावर पाऊल ठेवणारा तो पहिला युरोपियन होता आणि येथील हवेची कीर्ती त्याच्यामुळे पसरली, असा त्या लेखाचा आशय आहे. 'पहिला युरोपियन' एवढेच तेथे म्हटले आहे. त्याचे 'शोधून काढले' हे आपण केले. मुलाने बापाविषयी जेवढा दावा केला नाही तेवढा आपण परक्यांनी केला, ही गंमतच म्हणायची.

पण त्या लेखात आणखी एक गोष्ट आहे. तिच्यावरून नजर सहज घसरून जाते आणि पहिल्या खेपेस माझीही गेली होती. लॉडविकने हिंदुस्थानातील आपली नोकरी साताऱ्याचा रेसिडेंट म्हणून संपविली, असे तेथे नमूद आहे. साताऱ्याचा रेसिडेंट, आणि तोही छत्रपती प्रतापसिंहांच्या कारकिर्दीत! या धाग्याकडे पुढे वळू.

साहेबापूर्वीचा डोंगर

पंचगंगेच्या देवळात भिंतीच्या बुडाशी पाण्याची मुखे आहेत. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या तेथे उगम पावतात अशी श्रद्धा आहे. भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकटते असेही मानतात. देवगिरीच्या सिंघण यादवाने तेराव्या शतकाच्या आरंभी येथे लहानसे देऊळ आणि कुंड बांधले, अशी परंपरा सातारा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात नोंदविलेली आहे. पण मला त्याहून महत्त्वाची वाटली ती त्याच ग्रंथातील दुसरी नोंद. या तीर्थावर कोळ्यांच्या काही घराण्यांचा वंशपरंपरागत हक्क असे. त्यांना 'गंगापुत्र' म्हणत. यात्रेकरू स्नान करीत असता कोळी कुंडाच्या कडेला उभा राही आणि दक्षिणेतील त्याचा वाटा त्याला मिळे. महाबळेश्वराच्या लिंगाची पूजा गुरवांकडे. देवस्थानातील मान जुन्या वहिवाटीने मिळतो, तो नव्याने आलेल्याला कोणी देत नाही. या डोंगरावरची आद्य वस्ती कोणाची याचा याहून बोलका पुरावा दुसरा कोणता असेल?

शिवकाळात हा सारा टापू जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांचा. १६५६ साली महाराजांनी जावळी घेतली, लगोलग प्रतापगड बांधून काढला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफजलखानाचे प्रकरण घडले. हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. जानेवारी १६६५ मध्ये ग्रहणाच्या पर्वणीवर महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली ती याच क्षेत्री, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात नसते. ज्या ठिकाणी राजमाता पालखीतून येते, तुळा होते आणि दानधर्म होतो, ते ठिकाण अज्ञात अरण्य नसते. तेथे वाटा असतात, मुक्कामाच्या जागा असतात आणि दाणागोटा पुरविणारी गावे असतात.

या डोंगरावर लोखंडही निघत असे, हे वाचून मला आश्चर्य वाटले. येथील जांभ्यात लोहाचा अंश असतो. धावड नावाची मुसलमान जमात जंगलात भट्ट्या पेटवून कोळशावर हे लोखंड गाळी. पार घाटातून कोकण आणि देश यांच्यामध्ये बैलांचे तांडे येत-जात. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी पिके. तेव्हा १८२४ साली लॉडविक झाडी तोडीत ज्या कड्यावर येऊन पोहोचला, तो कडा त्याला नवा होता. धावडांना, कोळ्यांना, कुणब्यांना आणि धनगरांना तो नवा नव्हता.

इंग्रजांना डोंगर का हवा होता?

सह्याद्रीच्या पश्चिमेला समुद्रकाठी बाणकोटचा किल्ला १७५६ पासून इंग्रजांच्या हाती होता. पण घाटमाथ्यावर त्यांचा पाय पडला तो १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर. मराठ्यांचे राज्य खालसा करताना एल्फिन्स्टनने साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंहांना बसविले आणि २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्यांना एक मर्यादित राज्य तोडून दिले. महाबळेश्वरचा डोंगर या राज्यात होता. म्हणजे तो कंपनीच्या मालकीचा नव्हता.

उन्हाळ्यात गोऱ्या शिपायांची आणि अधिकाऱ्यांची फार दैना होई. हिवताप, कॉलरा आणि यकृताचे विकार यांनी माणसे पटापट मरत. ज्याला परवडे तो अधिकारी आजारपणाची रजा घेऊन केप ऑफ गुड होपला जाई. जाण्यायेण्यात महिने मोडत आणि तेवढा काळ कंपनीला त्याच्या कामाला मुकावे लागे. त्यामुळे थंड हवेचा डोंगर जवळपास कोठे मिळाला तर हवाच होता. दक्षिणेत उटकमंड आणि उत्तरेत सिमला याच सुमारास वसू लागले होते. मुंबई इलाख्याला असे ठिकाण नव्हते.

लॉडविकची पलटण साताऱ्यास होती. १८२४ च्या उन्हाळ्यात तो हिंडत हिंडत वर आला आणि त्याने येथील हवेचे गुण वर्णिले. त्याच्यामागून साताऱ्याचा रेसिडेंट जॉन ब्रिग्ज आला. त्याने वर एक लहानसे घर बांधले आणि साताऱ्याहून वरपर्यंत गाडीरस्ता करण्याविषयी छत्रपतींचे मन वळविले. मला येथे थांबावेसे वाटते. रस्ता कंपनीने केला नाही, तो साताऱ्याच्या राजाने केला आणि त्याच्या खजिन्यातून केला. प्रतापसिंहांना रस्ते, शाळा आणि इमारती यांची हौस होती, हे खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. या रस्त्यावाचून पालख्या, सामान, आजारी शिपाई आणि मडमा वर चढल्याच नसत्या. आज साताऱ्याहून मेढा-केळघरवरून वर येणाऱ्या एस.टी.त बसून खिडकीतून खाली बघितले की या कामाचा आवाका ध्यानात येतो.

१८२७ च्या अखेरीस सर जॉन मालकम मुंबईचा गव्हर्नर झाला. मराठी वाचकाला हा माणूस अनोळखी नाही. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला आणि ज्याने त्याला आठ लाखांचा तनखा कबूल केला तो हाच. १८२८ साली तो महाबळेश्वरी आला. आजाऱ्यांसाठी प्रयोग म्हणून एक रुग्णालय सुरू झाले, हवेची पारख करण्यासाठी डॉक्टर नेमला गेला आणि जागा पसंत पडली.

आता ती रीतसर मिळवायची होती. १८२९ च्या कराराने छत्रपतींनी डोंगराचा हा भाग कंपनीला दिला आणि मोबदल्यात त्यांना वाई भागातील खंडाळा हे गाव मिळाले. (बोरघाटातले खंडाळे ते हे नव्हे. हे पुणे-सातारा रस्त्यावरचे.) एक गाव दिले आणि एक डोंगर घेतला. अदलाबदल कागदावर समसमान दिसते. पण मांडलिक राजाजवळ गव्हर्नर स्वतः चालून येऊन एखादी जागा मागतो तेव्हा नाही म्हणण्याची मुभा कितपत असते, हे ज्याचे त्याने ठरवावे. दार्जिलिंगचा डोंगर सिक्कीमच्या राजाकडून १८३५ साली असाच आरोग्याच्या नावाने मिळविला गेला. ते प्रकरण वाचताना मला पदोपदी मालकमपेठेची आठवण झाली.

पेठ

नव्या वसाहतीला 'पेठ' म्हटले गेले. हे नाव छत्रपतींच्या इच्छेवरून पडले असे सांगतात. ते खरे धरल्यास त्यात आपल्या राज्यकारभाराची एक जुनी रीत दिसते. मराठी राज्यात नवी पेठ वसवायची म्हणजे सरकारातून कौल द्यावयाचा, शेटे-महाजन नेमायचे, येणाऱ्या उदम्यांना काही वर्षे करमाफी द्यायची आणि वसविणाराचे किंवा देवाचे अगर वाराचे नाव पेठेला द्यायचे. पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि रविवार पेठा अशाच वसल्या. त्याच न्यायाने ही मालकमची पेठ. इंग्रजांना ती सॅनेटोरियम वाटली तरी आपल्या लोकांनी ती आपल्या ओळखीच्या साच्यातच बसविली.

मालकमने आपल्या पत्नीच्या नावावरून एका टेकडीला माउंट शार्लट म्हटले आणि तेथे निवास केला. बंगले जांभ्या दगडाचे. गवताने शाकारलेल्या झडपा सर्व बाजूंनी लावल्याखेरीज पावसाळ्यात त्यांचा निभाव लागत नसे. वाणी, पारशी, बोहरी असे दुकानदार आले. मुंबईचे लोक गलबताने बाणकोटच्या खाडीत शिरत, तेथून दासगाव-महाडपर्यंत पाण्यातून येत आणि मग घाट चढत. मालकम डिसेंबर १८३० मध्ये परत गेला. त्याच्या जागी हंगामी गव्हर्नर झालेला सरसेनापती सर सिडने बेकविथ पुढच्याच महिन्यात याच आरोग्यधामी मरण पावला. त्याचे स्मारक येथे आहे. हवा चांगली खरी, पण मरण चुकविण्याइतकी नव्हे!

आणि ही हवासुद्धा चार महिने साफ बंद असते. सुमारे साडेचार हजार फुटांवरच्या या माथ्यावर वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. शिपायांचे कायमचे रुग्णालय येथे चालणे शक्य नव्हते. हळूहळू ते शिपायांचे राहिलेच नाही. ते गव्हर्नर, सेक्रेटरी आणि मुंबईचे धनिक यांचे उन्हाळी बिऱ्हाड बनले. पावसाळ्याची अडचण ओळखून पुढे पाचगणी वसली. ती हकीगत स्वतंत्र लेखाची आहे.

चिनी कैदी

महाबळेश्वरात 'चायनामन्स फॉल' म्हणून एक धबधबा आहे. मी लहानपणी समजत असे की तेथून कोणी चिनी माणूस पडला असावा. वस्तुस्थिती निराळी आहे आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील ती सर्वांत चटका लावणारी आहे.

वसाहत उभारायला मजूर हवे होते. पिनांग, मलाक्का, सिंगापूर ही ठाणी तेव्हा कंपनीच्याच ताब्यात होती. तेथे शिक्षा झालेल्या चिनी आणि मलायी कैद्यांना काळ्या पाण्यावर धाडायचे म्हणजे हिंदुस्थानात धाडायचे. त्यांच्यापैकी काहींना मालकमपेठेस आणून वसाहतीच्या सुरुवातीच्या काळातच त्यांच्यासाठी तुरुंग बांधला गेला. त्यांची संख्या सरासरी एकशेवीसच्या आसपास असे. गावातले बहुतेक रस्ते या हातांनी झाले. तळ्याजवळच्या मळ्यात ते भाजीपाला करीत. विलायती बटाटा येथे उत्तम रीतीने पिकवून दाखविला तो त्यांनीच. वेताच्या खुर्च्या आणि टोपल्या विणणे हेही त्यांचेच काम. धबधब्याच्या आसपास त्यांचे मळे होते म्हणून त्याला ते नाव मिळाले. १८६४ साली हा तुरुंग मोडण्यात आला.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहावी. त्याच काळात आपल्याकडच्या कैद्यांना जन्मठेपेसाठी जहाजात घालून पिनांग आणि सिंगापूरला पाठवीत. सिंगापूरचे रस्ते त्यांनी बांधले आणि १८५६ ते १८६१ या काळात उभे राहिलेले तेथील सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदी कैद्यांच्याच श्रमाचे आहे. म्हणजे इकडचा कैदी तिकडे डोंगर फोडतो आणि तिकडचा इकडे. दोघांनाही परतीची वाट नाही, भाषा कळत नाही, आणि पळून जावे तर जायचे कोठे? कंपनीच्या कारकुनाच्या हिशोबात ही मोठी सोयीची व्यवस्था होती.

महाबळेश्वरच्या बाजारात बटाट्याची रास पाहिली की मला आता त्या माणसांची आठवण होते. त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला कोठल्या पुस्तकात आढळले नाही. ज्या साहेबांनी दोन महिने उन्हाळा घालविला त्यांची नावे टोकांना, माळांना, झऱ्यांना लागली. ज्यांनी आयुष्याची वर्षे या लाल मातीत घातली त्यांच्या वाट्याला आला तो 'चायनामन' हा एकवचनी शब्द.

धावडांचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. इंग्रजी अमलात जंगल राखीव झाले, कोळसा महाग झाला आणि विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागले. शतक संपण्याच्या आतच भट्ट्या विझल्या. लिंगमळ्याला सरकारने सिंकोनाची लागवड करून पाहिली. पावसाने ती टिकू दिली नाही. सरकारचा प्रयोग फसला तर अहवाल लिहिला जातो, धावडाची भट्टी विझली तर जमाखर्चात तिला रकाना नसतो.

रस्ता करणारा राजा

आता स्मारकावरील त्या ओळीकडे वळतो.

लॉडविक १८३५ च्या सुमारास साताऱ्याचा रेसिडेंट होऊन परत आला. वर डोंगरावर वसाहत फुलली होती आणि खाली साताऱ्यात राजा व कंपनी यांचे बिनसू लागले होते. जहागिरदारांवरील हक्कांचा वाद चिघळला. १८३६ मध्ये प्रतापसिंहांवर कंपनीच्या पलटणीतील देशी अंमलदारांना फितविल्याचा आरोप आला आणि त्याच्या चौकशीसाठी ऑक्टोबरात एक गुप्त मंडळ बसले. त्यात तिघे होते: सरकारचा सेक्रेटरी विलोबी, कर्नल ओव्हान्स आणि रेसिडेंट लॉडविक. ज्या राजाने केलेल्या रस्त्यामुळे लॉडविकने पाहिलेला डोंगर नावारूपास आला, त्याच राजाची चौकशी लॉडविकने करावी, असा हा योग. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचेही आरोप जोडले गेले. राजे आरोपांच्या नकला मागत राहिले. लॉडविकनंतर १८३७ मध्ये ओव्हान्स रेसिडेंट झाला. चौकशी करणाराच कारभारावर येऊन बसला म्हणायचे.

१८३९ च्या ऑगस्टात नवा गव्हर्नर सर जेम्स कारनॅक साताऱ्यास आला. गुन्हा कबूल केल्याच्या अर्थाच्या कागदावर सही करा, गादी राहील, असे त्याने सांगितले. छत्रपतींनी सही केली नाही. सप्टेंबरच्या आरंभी रात्री राजवाड्याला वेढा पडला, राजांना पदच्युत करण्यात आले आणि पुढे काशीला नेण्यात आले. डोंगर देऊन पुरती दहा वर्षे झाली होती. त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेथे चौदा वर्षे झगडले. १८४७ च्या ऑक्टोबरात प्रतापसिंह काशीसच निवर्तले.

गादीवर त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब आले. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव १८४२ साली यांनीच बांधविला. आज ज्या पाण्यात नावा चालतात तेही मराठी राजाच्या पैशाचेच. आप्पासाहेब १८४८ च्या एप्रिलात वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. तो मान्य करावा असे तेव्हाचा रेसिडेंट बार्टल फ्रिअर याचे मत होते. इंग्रजांतही न्यायबुद्धीची माणसे होती, एवढे त्यावरून नमूद केले पाहिजे. मुंबईच्या कौन्सिलात आता विलोबी सभासद होता, तोच बारा वर्षांपूर्वीच्या गुप्त मंडळातला. त्याने खालशाच्या बाजूने विस्तृत टिपण लिहिले. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड नुकताच आला होता. डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. दत्तकाच्या सबबीवर बुडविलेल्या मोठ्या संस्थानांतले हे पहिले. त्यानंतर खंडाळाही कंपनीचे झाले आणि महाबळेश्वरही. १८२९ च्या अदलाबदलीतील दोन्ही पारडी अखेर एकाच तराजूवाल्याच्या घरी गेली.

हे सारे वाचून झाल्यावर मी तिसऱ्यांदा महाबळेश्वरी गेलो. या खेपेस हातात टोकांची यादी होती. लॉडविक पॉइंट तर ओळखीचाच. त्याचे जुने नाव सिडने पॉइंट. आर्थर सीट हे आर्थर मॅलेट या अधिकाऱ्याच्या नावाचे, कारण त्याने तेथे पहिले घर बांधले. त्या जागेचे जुने नाव मढीमहाल होते. बाँबे पॉइंटच्या बाजूला गेल्यावर यादीत पुढची दोन नावे आली: कारनॅक पॉइंट आणि फॉकलंड पॉइंट. सूर्यास्त बघायला माणसांची ही गर्दी उसळली होती. कणसे भाजणाऱ्या बाईने मला विचारले, "काय लिहिताय दादा?" मी म्हटले, "टोकांची नावं." ती हसली आणि म्हणाली, "साहेबांची नावं हाईत ती. आमाला न्हाई बोलता येत."

चौकशी करणारा लॉडविक, गादीवरून काढणारा कारनॅक आणि ज्याच्या अमदानीत राज्य बुडाले तो फॉकलंड, असे तिघेही एकाच डोंगराच्या कडेने रांगेत उभे आहेत. प्रतापसिंहांनी केलेल्या रस्त्याने वर येऊन लोक त्यांच्यावर बसतात आणि फोटो काढतात.

फ्रिअरच्या नावे गावात वाचनालयाची इमारत आहे. तेथपर्यंत चालत गेलो, पण ती त्या दिवशी बंद होती. शेवटची गाडी चुकेल म्हणून स्टँडवर आलो. आजीसाठी क्षेत्रावरून कृष्णेचे तीर्थ आधीच आणले होते. घरी पोहोचल्यावर मी तिला सगळी हकीगत सांगितली. राजाला काशीला नेल्याचे ऐकून तिने हातातले काम थांबविले. मग पितळी तांब्यातले तीर्थ देव्हाऱ्यात ठेवीत तिने एवढेच विचारले, "आन् त्यो रस्ता केला त्याची मजुरी तरी दिली का रं लोकांस्नी?"

त्याचा शोध मला अजून घ्यायचा आहे.